त्याला २१४, त्याने ९

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

माझ्या कादंबरीची प्रुफं तपासलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही पावसापाण्याचं विचारता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही. घातलं तर रागवाल.

माझ्या कादंबरीची कल्पना चांगली आहे, हे पाच वर्षांत मला सगळ्यांनी सांगितलं. खाडीकाठचं गाव. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि एका अष्टमीला भरती येतच नाही. भांगाचे दिवस, पाणी तसंही बेताचंच चढायचं, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. पौर्णिमेचं उधाणही चुकतं, तेव्हा गावाची पाचावर धारण बसते. उघड्या पडलेल्या तळात दगडी पायऱ्या दिसतात, खाली खाली जाणाऱ्या. तिथून पाण्याचा आवाज येतो, पण तो फक्त तरीवाल्याच्या नातवाला ऐकू येतो.

"वा, काय कल्पना आहे!" म्हणणाऱ्यांत एका दिवाळी अंकाचे संपादक होते. त्यांनी हस्तलिखित अकरा महिने ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा मी बांधलेली दोऱ्याची गाठही तशीच होती. एका कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांनी "लिहीत राहा" असं सांगितलं. (फी आगाऊ घेतली होती.) मैत्रिणींनी टाळ्यांचे हात पाठवले. पहिल्या प्रकरणापुढे कुणी गेलंच नव्हतं, आणि मी त्यालाच कौतुक समजत होते.

तुमचं काम खरं तर ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. पानामागे जे काय मिळतं, ते तेवढ्याचंच. तरी १७६ पानांची प्रुफं परत आली तेव्हा नायकाच्या प्रत्येक 'त्याला'भोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता. त्याला वाटलं. त्याला दिसलं. त्याला नेण्यात आलं. म्हातारीने त्याला शंख दिला, खेकड्याने त्याला वाट दाखवली आणि शेवटी भरती आपणहून आली, तिनेच त्याला घरी आणून सोडलं. मागच्या कोऱ्या पानावर हिशेब: त्याला २१४, त्याने ९. त्या नवातही पाच वेळा 'त्याने सुस्कारा सोडला'.

अंगाची लाही झाली. प्रुफं परत पाकिटात कोंबायला गेले, तर हाताला काहीतरी लागलं. खोडरबर. नवाकोरा, वेष्टनासकट. चिठ्ठीवर एकच ओळ: 'पटणार नाही तिथे खोडून टाकावे.' काका, चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात, लाल शाईवाले. तुम्ही पेन्सिल वापरलीत आणि ती पुसायचं साधनही माझ्याच हातात दिलंत. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. दूध उतू गेलं.

तरी भांडायला फोन केलाच. म्हटलं, अर्जुनही धनुष्य टाकून बसला होता की! तुम्ही म्हणालात, "बसला. पण रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगितलं कुणी? त्यानेच ना?" मग मी विक्रमराजा काढला, तो तर खांद्यावरच्या वेताळाच्या गोष्टीच ऐकतो. "ऐकतो. तोंड उघडलं की प्रेत परत झाडावर. मग पुन्हा झाडाकडे कोण चालत जातं गं?" पुढे मला बोलायला काही उरलं नाही. (गंमत अशी की 'त्याने होडी ओढली' हा व्याकरणात कर्मणी प्रयोग. हेही तुम्हीच सांगितलंत आणि स्वतःच हसत बसलात.)

छापून झाल्यावर पुस्तकावर सगळ्यांची नावं येतात, मुद्रितशोधकाचं क्वचित. आणि तरी कुणीतरी रात्री दिव्याखाली बसून परक्या बाईच्या नायकाचे 'त्याला' मोजतं. अशी माणसं आहेत म्हणून मराठीत छापलेलं निदान वाचता येतं तरी.

आता पोरगा शंखाची वाट बघत नाही. खाडीत पाणी नाही, तर त्याने आजोबांच्या होडीचा दोर खांद्यावर घेतलाय आणि गुडघाभर चिखलातून ती तो पायऱ्यांकडे ओढतोय. यात माझी चाळीस पानं नव्याने लिहून झाली. दोन खेकडे बाद.

खोडरबर एकदाच वापरला, पान ९१. 'त्याला आजोबांची आठवण आली.' तिथला गोल खोडलाय. आठवण कुणी करत नाही हो काका, ती येतेच. रविवारी नवी प्रुफं घेऊन येते, तेव्हा त्या पानावर काय ते भांडून घेऊ.

तुमची,
खाडीवाली