निर्जंतुक औषधाची हमी 20 कुप्यांवर सोडू नका : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी इंजेक्शनच्या कारखान्यात मायक्रोबायोलॉजी विभागात काम करते. बॅच बाजारात जाण्याआधी तिची निर्जंतुकता तपासली जाते, पण मोठ्या बॅचमधूनही त्यासाठी साधारण 20 कुप्याच घेतात. हजारात एक कुपी दूषित असेल, तर ती या 20 मध्ये सापडण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के. म्हणून चाचणी पास झाली एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. जंतू आत शिरूच नयेत, याची आखणी आधी व्हावी लागते.

युरोपने 25 ऑगस्ट 2023 पासून निर्जंतुक औषधांच्या कारखान्यांना ही आखणी लेखी स्वरूपात बंधनकारक केली आहे. हवा, पाणी, कच्चा माल, माणसे, यंत्रांची सफाई या सगळ्यांचा एकत्र विचार त्यात करावा लागतो. आपल्या सुधारित शेड्यूल एममध्येही (औषध कारखान्यांसाठीच्या देशातल्या नियमांत) जोखीम व्यवस्थापन आले आहे. तपासणीत मात्र अजून सुट्या सुट्या फायलीच जास्त पाहिल्या जातात.

पावसाळ्यात काय होते ते सांगते. स्टोअरमध्ये दमट पुठ्ठ्याची खोकी येतात, त्यांवर बुरशीचे बीजाणू असतात. माल आत घेताना तो 70 टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसतात. आयपीएने साधे जंतू मरतात, बीजाणू मरतीलच याची खात्री नसते. त्यासाठी वेगळे रसायन लागते. त्यातच एमआयडीसीतली वीज जाते, एएचयू (गाळलेली हवा पुरवणारे यंत्र) बंद पडतो आणि बाहेरची हवा स्वच्छ खोलीत येऊ न देणारा, खोल्यांमधला 10-15 पास्कलचा दाबफरक नाहीसा होतो. काही दिवसांनी खोलीतले जंतू तपासायच्या प्लेटवर काळी बुरशी उगवते. कारण म्हणून लिहिले जाते, ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? स्टोअर, इंजिनिअरिंग, प्रॉडक्शन, प्रत्येकाची एसओपी (कामाची लेखी पद्धत) आपापल्या जागी बरोबर असते. या तिघांना एकत्र बसवून ‘वीज गेली तर भरलेल्या कुप्यांचे काय करायचे?’ हे कोणी विचारलेलेच नसते.

दूषितीकरण फक्त जंतूंचे नसते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यावर आपल्या राज्याला खडे बोल सुनावले. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे खोकल्याच्या औषधातल्या त्याच रसायनाने गेली, आणि त्यांतल्या अनेकांवर आपल्याच नागपुरात उपचार चालू होते. आलेल्या कच्च्या मालाच्या पिंपाची आधी तपासणी आणि मगच वापर, ही आखणीतली पहिली पायरी. तीही चुकते, याचा मला मनापासून संताप येतो.

आपल्याकडे माझे मागणे असे आहे की, निर्जंतुक औषधांच्या प्रत्येक कारखान्याकडून आपल्या निरीक्षकांनी ही एकत्रित आखणी मागावी आणि फिलिंग (कुप्या भरण्याचे काम) चालू असताना, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, ती जागेवर पडताळावी. पथकात एक मायक्रोबायोलॉजिस्ट असावा. लहान उद्योजकाला सल्लागाराची फी परवडत नाही. तो दुसऱ्या कंपनीचा मसुदा नाव बदलून फाइलला लावतो. त्यांच्यासाठी विभागाने जिल्हावार कार्यशाळा घ्याव्यात, आणि तिथे प्रत्येकाने स्वतःच्या कारखान्याचा नकाशा समोर ठेवून आखणी करावी. शिकवायला आमच्यासारखे लोक सुट्टीच्या दिवशीही येतील.

आपली विश्वासू,
औषध उद्योगातील एक मायक्रोबायोलॉजिस्ट