आश्रय पीक मी लावलं होतं, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा लेख काल वाचला. वाचून राग आला म्हणून संध्याकाळी शांतपणे परत वाचला, तरी राग गेला नाही, म्हणून आज लिहून राहिलो. नकाशात अमेरिकेतून एक लाल बाण काढून तो थेट आमच्या यवतमाळवर आणून टेकवला आणि खाली लिहिलं की ही अळी तिकडून आली अन् इथल्या शेतकऱ्यांच्या बेफिकिरीनं मातली. दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि दुसरी मनाला लागली.

बाणाचं आधी सांगतो. शेंदरी बोंडअळी (आमचे म्हातारे शेंदरीच म्हणत, गुलाबी हे नाव आता रूढ झालं) अमेरिकेतून आलेली नाही. १८४३ मध्ये सॉन्डर्स नावाच्या इंग्रजानं तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं ते भारतातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. तिचं मूळ घर आपलं की ऑस्ट्रेलियाकडचं यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे, पण अमेरिका कोणीच म्हणत नाही. इथून १९०६-०७ च्या सुमारास ती सरकीतून इजिप्तला गेली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या आसपास मेक्सिकोत, आणि टेक्सासात १९१७ ला सापडली ती एका तेलगिरणीजवळच्या शेतात, त्या गिरणीनं मेक्सिकोची सरकी आणली होती. म्हणजे बाण इथून तिकडं जातो. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात महिनोन् महिने झोपून राहते, म्हणून समुद्र ओलांडू शकली. तिला पोत्यात भरून जहाजावर चढवलं व्यापारानं, शेतकऱ्यानं नाही.

तुमचा घोळ कुठं झाला ते मला दिसते. मक्यावरची लष्करी अळी खरोखर अमेरिकेची आहे, २०१६ ला आफ्रिकेत अन् २०१८ ला कर्नाटकात शिवमोग्याकडं सापडली, तिथून आपल्याकडं आली. आणि जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, हरभऱ्याचे घाटे खाते ती, ती नावापुरतीच अमेरिकन, दक्षिण अमेरिकेत ब्राझीलमध्ये ती सापडली २०१३ ला. तीन वेगळ्या अळ्या आणि तीन वेगळे रस्ते, तुम्ही एका बाणात बसवल्या. फोटोही त्या हरभऱ्यावरच्या हिरव्या अळीचा छापला अन् खाली नाव गुलाबीचं.

आता बेफिकिरीचं. "शेतकऱ्यांनी आश्रय पीक (बीटीच्या भोवती लावायची साधी कपाशी) लावलं नाही" असं सरसकट लिहिलं. साहेब, मी लावलं होतं. २०१७ चा हंगाम, चार एकर. बीटीच्या (अळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या) ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं बारकं पाकीट येत होतं, ते घेताना दुकानदारच म्हणाला, "भाऊ, थे बारकं पाकीट बांधावर फेकून दे, काही कामाचं नाही." मी फेकलं नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर चारही बाजूनं पाच-पाच ओळी त्याच सरकीच्या टोबल्या, शेजारचे हसत होते. दहा ठिकाणी टोबली तर तीन ठिकाणी उगवली, अन् जी उगवली ती बीटीच्या मानानं इतकी मागं पडली की तिला पाते (कळ्या) लागेपर्यंत आतल्या पऱ्हाटीला (कपाशीच्या झाडांना) बोंडं धरली होती. पाकीट, टॅग, बिल घेऊन तालुक्याला गेलो. तिथं सांगितलं की तक्रार बीटी वाणाची असेल तर घेऊ, हे तर फुकटचं पाकीट आहे. अर्ज घेतलाच नाही. दसऱ्याच्या आधी डोमकळ्या (अळीनं आतून चिकटवलेली, न उमलणारी फुलं) दिसायला लागल्या, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून पहिला वेचा आणला तो बरा निघाला, पण पुढच्या वेच्याला बोंडं फोडली तर आत पाकळ्या चिकटलेल्या अन् सरकी पोखरलेली. वेचायला आलेल्या बाया दुपारीच परत गेल्या, कवडी (किडका, डागी) कापूस निघता निघत नाही, त्यांचाही रोज पडत नव्हता, त्यांना तरी काय म्हणणार. चार एकरात अकरा क्विंटल झाला, त्यातला अर्धा व्यापाऱ्यानं कवडी म्हणून बाजूला काढला.

त्या बारक्या पाकिटाचं महत्त्व तुमच्या लेखकापेक्षा मला जास्त कळते, कारण मी त्याची किंमत मोजली. बीटी खाऊन जी एखादी अळी वाचते तिच्या पतंगाला जोडी आश्रय पिकातल्या साध्या पतंगाची मिळाली तर पुढची पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात, आणि जोडी वाचलेल्याचीच मिळाली तर पुढची सगळी वाचणारी. हिरव्या अळीला तूर, हरभरा, टमाटे असं रान मोकळं आहे, शेंदरीला कपाशीशिवाय फारसं काही चालत नाही, म्हणून हिच्यासाठी ते पीक इतकं गरजेचं. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दोन जनुकांचं, २०१० ला पहिलं जनुक गुजरातेत अळीवर चालेना असं जाहीर झालं, आणि २०१७ ला आमची शेतं गेली. पंधरा वर्षांत अळी बदलली. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही तरी लोक फवारत राहिले, त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली. त्यांना बेफिकीर म्हणायचं?

अमेरिकेनं २०१८ ला ही अळी त्यांच्या कापसातून संपवल्याचं जाहीर केलं. अ‍ॅरिझोनात आधी आश्रय पीक नीट लावलं, मग २००६ पासून वांझ पतंग विमानातून सोडले, पऱ्हाटी वेळेवर गाडली. सरकार, कंपन्या, शेतकरी सगळे एका कामात होते. इथं फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) ठेवू नका म्हणतात, ते मला मान्य आहे, मी २०१७ नंतर एकदाही ठेवली नाही, डिसेंबरात शेत रिकामं करतो. पण माझ्या शेतापासून दोन कोसावर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) आहे, तिथं मार्चपर्यंत गावोगावचा कापूस अन् सरकी उघड्यावर पडून राहते, त्यातून पतंग निघतात. १९१७ ला टेक्सासात जे झालं तेच दरवर्षी इथं होते. तुमच्या अख्ख्या पानात जिनिंग हा शब्द एकदाही आला नाही.

आणि एक, पत्र लिहितोच आहे तर. शेतीच्या पानावर रोजचे कापसाचे भाव येत होते ती चौकट दिवाळीपासून बंद आहे, तिथं आता प्लॉटची जाहिरात असते. गावात पेपर घेणारे आम्ही सहा जण आहोत, त्यातले चार त्या चौकटीसाठी घेत होते.

नकाशा दुरुस्त करून परत छापावा, तितक्याच मोठ्या जागेत. बारक्या पाकिटाचा टॅग अन् बिल मी जपून ठेवलं आहे, आपला वार्ताहर पाठवला तर दाखवतो.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ