खंजीर चेटकिणींनी दिलेला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या मराठी प्रयोगाचे परीक्षण वाचले. मॅकबेथ हा 'नियतीचा बळी' आहे, असा निवाडा त्यात दिला आहे. दादरला झालेला तो प्रयोग मीही पाहिला होता. सरदार मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो, त्याआधीच्या प्रसंगात चेटकिणी काळोखातून पुढे येतात आणि त्यांतली एक मॅकबेथच्या मुठीत खंजीर ठेवते, या कल्पनेचे परीक्षणकर्त्यांनी तोंडभरून कौतुक केले आहे. टाळ्या पडल्या हे खरे. पण त्या एका हालचालीने नाटकाचा कणाच मोडला, असे माझे मत आहे. मूळ संहितेत त्या वेळी मॅकबेथ एकटा असतो. त्याला हवेत खंजीर दिसतो, धरू गेल्यास हाती लागत नाही, आणि मग तो स्वतःजवळचा खंजीर उपसतो.

कॉडॉरची सरदारकी आणि पुढे राज्य मिळेल, एवढेच चेटकिणी मॅकबेथला सांगतात; डंकनला मार, असे त्यांच्या तोंडी एकदाही येत नाही. कॉडॉरची सरदारकी तर राजाने भाकिताआधीच देऊन टाकलेली असते. प्रेक्षकाला ते ठाऊक असते, मॅकबेथला नसते, म्हणून मागाहून ती बातमी आली की त्याला भाकिताची प्रचीती आल्यासारखे वाटते. नशिबात असेल तर राज्य आपल्या हालचालीवाचूनही मिळेल, असेही त्याच्या मनात येऊन जाते, पण राजा आपला मुलगा माल्कम याला युवराज जाहीर करतो आणि तो विचार तिथेच विरतो. मॅकबेथचा सोबती सरदार बँको यानेही त्याच माळावर, त्याच तोंडून आपले वंशज राजे होतील असे ऐकलेले असते, तरी तो कुणावर हत्यार उचलत नाही. (लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबा-बुवांच्या जाहिराती सगळेच वाचतात, त्या पत्त्यावर जाणारे थोडे.) शेक्सपिअरने ज्या होलिन्शेडच्या बखरीवरून कथानक घेतले, तीत बँको कटात सामील आहे. नाटक १६०६च्या सुमारास लिहिले गेले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता, म्हणून नाटककाराने बँकोला धुऊन घेतले असावे. हेतू दरबारी असेल, पण त्यामुळेच मॅकबेथच्या शेजारी तुलनेला एक माणूस उभा राहिला.

खरी घसरण मला मॅकबेथ डंकनला मारून राजा झाल्यावर दिसते. आपल्याला राज्य देणारे भाकीत मॅकबेथ अढळ मानतो आणि बँकोच्या वंशाला राज्य देणारे खोटे पाडायला मारेकरी धाडतो. कंसाचेही हेच झाले: आकाशवाणी खरी वाटली म्हणून त्याने देवकीला बंदिवासात टाकले, आणि ती चुकवता येईल असे धरून तिची लेकरे शिळेवर आपटली. बँकोचा मुलगा फ्लिअन्स निसटतो. पुढे विरोधात गेलेला सरदार मॅकडफ याची बायकामुले कापली जातात, ज्यांच्याविषयी कुणी कसलेच भाकीत केलेले नसते. डंकनच्या खुनानंतर ज्याच्या घशात 'आमेन' अडकले होते, तो आता हुकूम देताना थबकतही नाही.

बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला इजा करू शकणार नाही, असे भाकीत मॅकबेथने चेटकिणींकडे ऐकलेले असते. शेवटच्या लढाईत मॅकडफ आईचे पोट फाडून काढलेला आहे हे कळताच मॅकबेथ चेटकिणींना शिव्याशाप देतो, त्यांनी शब्दांत गुंडाळून फसवले म्हणतो. परीक्षणातला 'नियतीचा बळी' हा निवाडा आरोपीच्या याच जबाबावरून दिलेला दिसतो. पुढचा प्रयोग लागेल तेव्हा दिग्दर्शकांनी खंजिराच्या प्रसंगात चेटकिणींना विंगेतच ठेवून पाहावे. मी पुन्हा तिकीट काढीन.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले, मुंबई