पाचवीच्या पोराला किती परीक्षा?

मा. संपादक, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी. पॅटच्या (सरकारी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या, म्हणजे पायाभूत नि संकलित) बातम्या तुमच्याकडे येतात म्हणून लिहितोय.

पाचवीच्या पोराचं वर्ष बघा. सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग आकारिक (वर्गातलं चालू मूल्यमापन), मग संकलित एक (पहिल्या सत्राची परीक्षा), परत आकारिक, दुसऱ्या सत्राला वार्षिक परीक्षा (२०२३ ला नियम बदलले तेव्हापासून), त्यात नापास झाला तर फेरपरीक्षा, आणि वर नवोदय आहेच, २०२५-२६ पर्यंत शिष्यवृत्तीही होती. पोराचं वय दहा. २००९ ला आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आला तेव्हा सातत्यपूर्ण मूल्यमापन म्हणाले होते, आता सातत्य उरलंय ते फक्त पेपरांचं!

माझा परीक्षेला विरोध नाही. हातच्याची वजाबाकी कुणाला येत नाही हे बघावं लागतंच, ते मी फळ्यावर दोन गणितं घालून बघतो. पण पॅटला प्रत्येक वर्गाचे पेपर वेगळे, मास्तर दोन, पलीकडे लहान पोरांचा दंगा, पेपर कमी पडले की झेरॉक्सला तालुक्याला पळा, मग तपासा, मग एकेकाचे मार्क विद्या समीक्षा केंद्राच्या (शाळांची माहिती गोळा करणारं सरकारी केंद्र) चॅटबॉटवर भरा, रेंज असली तर. आणि एवढं भरून शाळेला काय मिळतं? कोण कशात कच्चा आहे ते तपासतानाच कळलेलं असतं ना. २०२५ च्या एप्रिलात तर परीक्षा २५ तारखेपर्यंत लांबवल्या आणि निकाल १ मे ला, त्या पाच दिवसात पेपर कसे तपासले गेले असतील ते पालकांनी न विचारलेलंच बरं.

राज्याची पातळी कळायला पाहिजे, मान्य. पण त्याला सगळी पोरं कशाला बसवायची? डिसेंबर २०२४ ला परखचं (केंद्राची मूल्यमापन संस्था) सर्वेक्षण झालं ते फक्त तिसरी, सहावी, नववीचं आणि तेही निवडक शाळांत, तरी देशभराचा अहवाल निघालाच की. एससीईआरटीने (पॅट घेणारी राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद) पण तसंच करावं, दोन-तीन वर्षांतून एकदा थोड्या शाळा निवडाव्यात आणि तपासायला बाहेरची माणसं पाठवावीत, आमच्याच वर्गाचे मार्क आम्हीच भरायचे तर आकडे चांगलेच येणार.

नवोदय, शिष्यवृत्ती ज्याला द्यायचीय तो देईल. पायाभूत चाचणी तेवढी येत्या जूनपासून बंद करा, पहिला महिना आम्हाला वाचन घ्यायचंय.

– एक जि. प. शिक्षक, सातारा जिल्हा