बोरघाटाची गोष्टही दाखवा

महोदय,

मायकेल पोर्टिलो हे ब्रिटनचे माजी संरक्षणमंत्री. २०१० पासून ते बीबीसीच्या प्रवास-कार्यक्रमांसाठी रेल्वेने हिंडतात. अंगात भडक रंगाचा कोट आणि हातात ब्रॅडशॉचे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले प्रवासी मार्गदर्शक. या कार्यक्रमांत कुणी कुणावर ओरडत नाही. गाडी स्टेशनात थांबते, जवळची एखादी जुनी गिरणी नाहीतर पूल दिसतो, त्याची हकिकत कळते आणि गाडी पुढे निघते. बातम्यांच्या वाहिन्यांवरील हमरीतुमरीला विटलेल्या आमच्यासारख्यांना एवढे पुष्कळ होते.

मग आपल्या बोरघाटाने काय घोडे मारले आहे? या घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. हजारो मजूर कातळाशी झुंजले, कित्येक रोगराईत दगावले. चढण सदतिसास एक अशी, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, म्हणून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला आजही मागून जादा इंजिने लावतात. तोवर आपण वडा खातो, इतिहास राहूनच जातो! १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस केक कापून साजरा करणाऱ्या पुणेकरांना हे पाहायला नक्की आवडेल.

सह्याद्री वाहिनीने अशी मालिका जरूर काढावी. चित्रीकरण भर पावसाळ्यात व्हावे आणि निवेदक कमी बोलणारा असावा.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे