शिळेवर आकडे आहेत, नावे नाहीत : समस्त ग्रामस्थांस व परगावी असलेल्या गावकऱ्यांस आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या जुन्या चावडीसमोरील संगमरवरी शिळेवर १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढे दोनच आकडे कोरलेले आहेत. शिळेला तडा गेला आहे, चबुतराही एका बाजूने खचला आहे, म्हणून दुरुस्तीचा विषय गावच्या स्मारक समितीपुढे आला. परंतु नुसते आकडे पुन्हा रंगवून ठेवण्यात काय हशील, असा प्रश्न बैठकीत एका निवृत्त सुभेदारांनी विचारला, आणि तेव्हापासून दुरुस्तीपेक्षा नावांचा शोध हेच आमचे मुख्य काम झाले आहे.

हे काम सोपे नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातील तुर्की सैन्याच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि वेढ्यातून वाचलेल्यांपैकी अनेकजण पुढे कैदेत दगावले. तिथल्याच बसरा शहराच्या युद्धस्मारकावर हिंदी (भारतीय) अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या शिपायांची पलटणवार संख्याच तेवढी दिली गेली. म्हणजे जे आपल्या चावडीसमोर झाले, तेच तिकडेही झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव आपल्याला ठाऊक आहेत, ते योग्यच आहे; त्यांच्याच पलटणींत आपल्या भागातील कोण होते, हे मात्र आज कोणी सांगू शकत नाही.

ही नावे आता घराघरांतच सापडतील. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मनिऑर्डरची पावती, देवघरात टाकांशेजारी ठेवलेले पदक, यांपैकी काहीही असल्यास कृपया दाखवावे. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, ती भिंगातून पाहावी. (चांदीची पदके अडीअडचणीच्या काळात सोनाराकडे गेली असतील, तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आजोबांचे नाव नुसते तोंडी सांगितले तरी आम्ही नोंदवून घेऊ.) मूळ कागद समिती ठेवून घेणार नाही, आपल्यासमोर छायाचित्र काढून तेथेच परत करील. काही पत्रे मोडीत आहेत, ती वाचून देणाऱ्या जाणकाराची आम्हांला फार गरज आहे. १९५६ पूर्वी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आसपासची कित्येक गावे संस्थानांत होती, त्यामुळे जुन्या दप्तरांत आपले गाव भलत्याच नोंदीखाली असू शकते, हेही शोधताना ध्यानात ठेवावे.

१९६५ आणि १९७१ च्या लढायांत भाग घेतलेले आपल्या गावातील माजी सैनिक आता थकले आहेत. त्यांच्या आणि वीरपत्नींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी महाविद्यालयीन मुला-मुलींनी सवड काढावी.

चबुतरा, नवी शिळा आणि अक्षरकोरणी यांसाठी निधी लागणार आहे. नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत कोरली जातील, कारण पलटणीत भरती झालेली घरे दोन्ही भाषांची होती, आणि याबाबत समितीत दुमत नाही. रोख रकमेऐवजी दगड, वाळू, गवंडीकाम किंवा एक दिवसाचे श्रमदान दिले तरी त्याची नोंद देणगीइतकीच ठेवली जाईल. ज्या घरातील माणूस युद्धात कामी आला, त्या घराकडून वर्गणी मागितली जाणार नाही.

७ डिसेंबर या सशस्त्र सेना ध्वजदिनी सापडलेल्या नावांची पहिली यादी चावडीत वाचली जाईल. तोपर्यंत दर रविवारी सकाळी समितीचे सदस्य तेथे बसतील. देणगी दिल्यावर पावती अवश्य घ्यावी. पावतीशिवाय कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आपले नम्र,
स्मारक समितीचे सदस्य व गावातील माजी सैनिक