बापू, तुफान आता पाण्याला अडत नाही

आदरणीय बापू,
सप्रेम नमस्कार.

घोडदळातली नोकरी संपवून तुम्ही तापीकाठी शेतीला लागलात, त्यात आमचं फावलं. आमच्या तुफान घोड्यासाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार उघड पत्रातून मानतोय, कारण आपल्या शहादा-दोंडाईचा पट्ट्यात इव्हेंटिंग, म्हणजे घोडेस्वारीची तिहेरी स्पर्धा, करू पाहणाऱ्या पोरांची तक्रार एकच असते: घरी घोडा मीटरभर उंचीचा अडथळा सहज मारतो, स्पर्धेत नेला की पाय रोवून उभा राहतो. तुमचं शिकवणं त्यांच्याही कामी यावं.

सारंगखेड्याच्या बाजारात आपण घोडा पारखतो तो भोवरे, कान, चाल आणि उंची बघून. इव्हेंटिंगला भोवऱ्याचं काही देणंघेणं नाही. ड्रेसाज (रिंगणातल्या आखीव चाली), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे) आणि शो जंपिंग (मैदानातले पडणारे दांडे) या तिन्ही परीक्षा त्याच घोड्याने त्याच स्वाराला घेऊन द्यायच्या. क्रॉस कंट्रीत अडथळ्यापुढे पहिला नकार म्हणजे 20 गुणांचा दंड, त्याच अडथळ्यावर दुसरा नकार म्हणजे 40, शिवाय ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला 0.4. ड्रेसाज कितीही देखणं झालं तरी एका नकारात सगळं धुऊन निघतं. म्हणून लोक चाबूक काढतात. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "घोडा कथा अडना?" म्हणजे, कुठे अडला?

आणि वही घालायला लावलीत. कुठल्या अडथळ्याला अडला, किती लांबून, कुठल्या बाजूला वळला, तेव्हा ऊन होतं की सावली, आधी किती वेळ काम झालं होतं. या नोंदींनी जे सांगितलं ते चाबकाने कधीच सांगितलं नसतं. वीस पावलांवरूनच मंदावणारा घोडा आणि अगदी पायाशी येऊन थांबणारा घोडा, यांचे आजार वेगळे. पहिला एक तर घाबरलेला असतो, नाही तर त्याला पुढे जायचंच नसतं. दुसऱ्याला जायचं असतं, पण उडी घ्यायची जागा चुकलेली असते किंवा कुठे तरी दुखत असतं. दर वेळी डावीकडेच निसटत असेल तर घोड्याआधी स्वाराचे हात तपासायचे. दोन्ही लगाम सारखे धरणारे स्वार आम्ही तरी कमीच पाहिले. उतारावर उडी टाकायच्या अडथळ्यालाच नकार येत असेल तर संशय पुढच्या पायांवर घ्यायचा, कारण उतरताना सगळा भार तिथे येतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती दगडासारखी होते. तिच्यावर रोज उड्या मारून घेतल्या तर घोड्याने का म्हणून जावं?

दुखण्याची तपासणी आधी, शिकवणं नंतर, हा तुमचा क्रम आम्ही आता मोडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर खोगीर उतरवायचं आणि लगेच पाठ बघायची. सगळीकडे घाम आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर दाबतंय. पांढरे केस उगवले असतील तर ते दाबणं जुनं आहे. स्वार बसलेला असताना पाठीच्या उंचवट्यावर खोगिराखाली दोन-तीन बोटं उभी शिरली पाहिजेत. दाढांना आलेल्या धारा वर्षातून एकदा तरी घासून घ्यायच्या, नाही तर लगामाला मान झटकणं थांबत नाही. नालबंदी पाच-सहा आठवड्यांनी. तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना कान मागे टाकणं, दात खाणं, चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर पोटातल्या अल्सरसाठी डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासणी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, त्यामुळे रिकाम्या पोटी दौडवलं की ते वर उसळून नाजूक भागाला भाजतं. म्हणून कामाआधी थोडा लसूणघास, दिवसभराचा चारा कोरड्या वजनात अंगाच्या दीड ते दोन टक्के आणि चंदी एका वेळी दोन किलोच्या आत. वेदनाशामक देऊन फरक बघण्याचा प्रयोग काही जण करतात. तो डॉक्टरांनीच करावा, कारण त्याच गोळीने अल्सर वाढू शकतो आणि स्पर्धेत ती अंगात सापडली तर वेगळीच आफत.

आता पाणी आणि चर. घोड्याला कपाळासमोर आणि नाकाखाली काही पावलं दिसतच नाही. चर जोखायला त्याला डोकं खाली घ्यावं लागतं. नेमकं तेव्हाच घाबरलेला स्वार लगाम आवळून त्याची मान वर बांधतो. आंधळा केलेला घोडा थांबतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. तुम्ही तुफानला कोरड्या पाटचारीपासून सुरू केलंत: आधी जुन्या घोड्याच्या मागे चालत, मग शेजारून, मग एकट्याने, नंतर दुडकीवर. जुन्या घोड्याची सोबत लवकर तोडलीत हे फार बरं केलंत, कारण स्पर्धेत पुढे वाट दाखवायला कोणी नसतं आणि बाहेरून मदत घेतली तर स्वार बाद होतो. पाटात टाचेइतकं पाणी, मग घोट्याइतकं. स्पर्धेत ते 35 सेंटीमीटरपेक्षा खोल नसतंच.

यातला नियमही पोरांनी पाठ करावा. 30 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या अडथळ्याला, म्हणजे पाण्याच्या काठालाही, घोडा क्षणभर थबकला आणि उभ्या जागेवरून लगेच पुढे गेला तर दंड नाही. एक पाऊल मागे टाकलं की नकार. म्हणून "बघू दे, पण मागे येऊ देऊ नको." दोन्ही पोटऱ्या लावून ठेवायच्या, लगाम सैल, तोंड पाण्याकडेच. त्याने वजन नुसतं पुढे झुकवलं तरी पोटऱ्यांचा दाब त्याच क्षणी सोडायचा. चाबूक लागलाच तर एकदा, पोटरीच्या मागे, अडताक्षणी. पाच सेकंदांनी मारलेला फटका कशाबद्दल होता हे घोड्याला कळत नाही, आणि रागाने मारलेला पंचांना बरोबर कळतो.

उन्हातून सावलीतल्या अडथळ्याला जाताना तुफान अडत होता, हेही वहीनेच सांगितलं. घोड्याचे डोळे अंधाराला आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. केळीच्या बागेतल्या गाडीवाटेवर भर दुपारी आत-बाहेर दुडकी करायची तुमची युक्ती जळगावकडच्या पोरांना तर फुकटात मिळेल. स्पर्धेत अशा ठिकाणी सात-आठ ढांगा आधी वेग कमी करायचा. दोन सेकंद गेले तर 0.8 गुण, नकार आला तर 20.

सोबत्यांना सोडून न जाण्याची खोड मात्र वेळखाऊ निघाली. बांबूचा पाच बाय चार मीटरचा स्टार्ट बॉक्स, म्हणजे क्रॉस कंट्री जिथून सुटते तो कठडा, बांधून, त्यात चारा टाकून, दहा वेळा चालत आत-बाहेर आणि एकदाच दौड, असं केल्यावर तिथली धडकी गेली. स्पर्धेत त्याला आत ताटकळत ठेवायचं नाही: बाहेर फिरवत राहायचं आणि शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत आत घ्यायचं. काम फाटकाजवळ, विसावा फाटकापासून लांब. अडल्यावर खाली उतरून तबेल्यात नेणं म्हणजे अडण्याचा पगार देणं.

प्रवासाबद्दल एवढंच: धुळ्याहून मालेगाव-नाशिक मार्गे पुण्याला जाताना मान उंच बांधायची नाही, दर चार तासांनी थांबून पाणी दाखवायचं आणि डोकं खाली घेऊ द्यायचं, नाही तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही. परक्या पाण्याला तोंड लावत नसेल तर घरच्या पाण्याचे दोन कॅन सोबत.

ड्रेसाजची एक अडचण उरली आहे. 20 बाय 60 मीटरच्या रिंगणात परीक्षकांच्या टेबलाशी तो अजून अंग चोरतो आणि त्या कोपऱ्यातली वळणं आखूड होतात. सध्या पांढऱ्या फळ्या मांडून, टेबलावर कापड फडफडत ठेवून खांदा आत घेण्याचा व्यायाम देतोय, म्हणजे नजर टेबलाकडे न राहता लक्ष स्वाराच्या पायाकडे राहतं. कापूस वेचून हात मोकळे झाले की एकदा येऊन बघा. यायचं-जायचं गाडीभाडं आमच्याकडे, आणि या खेपेला नाही म्हणायचं नाही.

आपले,
शहादा परिसरातले घोडेवाले